‘यात हसायचं कुठे?’ असं बायको विचारते तेव्हा

प्रश्न: ताई, माझी अडचण वाचून तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडे यावरून खरंच अबोला झालाय. मला ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ ही अमेरिकन विनोदी मालिका वेड्यासारखी आवडते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली, एमी हा अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळालेली आणि तरी प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडलेली. बायकोला पहिला भाग दाखवला. संपल्यावर ती म्हणाली, ‘यात हसायचं कुठे? सगळी माणसं नुसती स्वार्थी आहेत.’ मेहुणा एरवी खुनाच्या मालिका बघतो आणि शेवट यायच्या आत खुनी कोण ते सांगतो. त्यानेही दहा मिनिटांत फोन हातात घेतला. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे पुरस्कार लिहून भलामोठा मेसेज टाकला, त्यावर एक अंगठा आला. शेवटी मी चिडून घरात बोलून गेलो की तुमची तेवढी कुवतच नाही. आता मी रिमोट उचलला की मेहुणा विचारतो, ‘भावोजी, आज कुठली पडेल मालिका?’ चांगली गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची तरी कशी? की हा नादच सोडून देऊ?

– एकटाच हसणारा

उत्तर:

नाद सोडू नका, पण ‘गळी उतरवणं’ सोडा. आणि त्याच्याही आधी तो कुवतीचा शब्द मागे घ्या. आजच घ्या, आणि घेताना मालिकेचं नावही काढू नका. ‘चुकलो, पण ती मालिका खरंच फार भारी आहे गं’ अशी माफी माफी नसते, ती जाहिरात असते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही तिघांना तीन वेळा शिफारस केली असं तुम्हाला वाटतंय. मला तर तुमच्या पत्रात शिफारस कुठेच दिसली नाही, दिसली ती वकिली. एमी मिळालं, समीक्षक असं म्हणाले, लोकांनी अन्याय केला. ते सगळं खरं आहे. २००४ साली सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी तिला मिळालं, त्या वर्षी लेखन आणि दिग्दर्शन धरून एकूण पाच मिळाली. पण हे ऐकून आजवर कोणाला हसू फुटलेलं नाही. उलट माणूस सावध होतो. एवढ्या मोठ्या लोकांना आवडलंय म्हणजे मलाही आवडायला हवं, नाही आवडलं तर माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं ओझं घेऊन तो सोफ्यावर बसतो. गंभीर नाटक या ओझ्यासकट बघता येतं. विनोद नाही बघता येत.

शिवाय कमी लोकांनी बघितली म्हणजे ती श्रेष्ठ, असं उलटं गणित तुमच्या पत्रात अधूनमधून डोकावतंय. कमी लोकांनी बघितलेल्या बहुतेक विनोदी मालिका कमी लोकांनी बघितल्या, कारण त्या बऱ्या नव्हत्या. तुमची मालिका अपवाद आहे. ती का चालली नाही, हे नीट समजून घेतलंत तर ती कोणाला आणि कशी दाखवायची याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मिचेल हर्विट्झ यांनी रचलेली ही मालिका २ नोव्हेंबर २००३ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. कल्पनेला खतपाणी मिळालं ते एन्रॉनसारख्या कंपन्यांच्या घोटाळ्यांतून: कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत घरं बांधणारं ब्लूथ नावाचं एक श्रीमंत कुटुंब, घोटाळ्यात अटक झालेला बाप, आणि हातातला पैसा गेला तरी डोक्यातली श्रीमंती न गेलेली बाकीची मंडळी. पहिल्या सीझनला सरासरी साठ लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. आज एवढे मिळाले तर वाहिनीवाले नाचतील. पण त्याच हंगामात, ६ मे २००४ ला, ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग अमेरिकेत सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला. त्या काळात मोजपट्टी ही होती.

मग कात्री सुरू झाली. पहिल्या सीझनचे २२ भाग, दुसऱ्याचे कापून १८, तिसऱ्याचे १३. शेवटचे चार भाग १० फेब्रुवारी २००६ ला एकाच संध्याकाळी उरकले, आणि तेही दुसऱ्या वाहिनीवर तुरीनच्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा चालू असताना. मालिकेला निरोप द्यायचा नव्हता, नुसतं बाहेर काढायचं होतं, इतकं ते उघड होतं. लेखकांनीही सूड घेतला म्हणा. तिसऱ्या सीझनमधला एक अख्खा भाग मालिकेच्या घसरत्या प्रेक्षकसंख्येवर आहे. ब्लूथ कुटुंब स्वतःला वाचवण्यासाठी निधी गोळा करायला मोठं जेवण ठेवतं, आणि त्या भागात प्रेक्षक खेचायच्या वाहिन्यांच्या सगळ्या स्वस्त युक्त्या, पाहुणे कलाकार, कोणीतरी मरणार असल्याची हवा, थ्रीडी, एकामागून एक वापरून दाखवल्या आहेत.

पण वाहिनीला शिव्या देऊन थांबू नका. मालिकेची बांधणीच अशी होती की तिच्या काळातल्या टीव्हीवर ती बसतच नव्हती. तुम्हाला केळ्याच्या स्टॉलचा भाग पाठ असेलच. पण तो नवख्या माणसाच्या नजरेने आठवून बघा.

दुसरा भाग आहे, नाव ‘टॉप बनाना’. बाप तुरुंगात. मधला मुलगा मायकेल, म्हणजे जेसन बेटमन, कंपनीचा गाडा ओढतोय आणि हातात पैसा नाही. समुद्रकिनाऱ्यावर कुटुंबाचा एक जुना स्टॉल आहे, गोठवलेली केळी विकणारा. मायकेल तुरुंगात भेटायला गेला की बाप एकच सांगतो: केळ्याच्या स्टॉलमध्ये पैसा कायम असतो. पुन्हा सांगतो, डोळ्यांत डोळे घालून सांगतो. मायकेलला वाटतं, म्हातारा धंद्याचं तत्त्वज्ञान झाडतोय, छोट्या धंद्याला कमी लेखू नको वगैरे. आपल्याला कंपनीत कसलेच अधिकार नाहीत, सगळी सूत्रं अजून बापाच्याच हातात, याचा राग साठत जातो. शेवटी तो पोराला सोबत घेतो आणि दोघं मिळून तो स्टॉल पेटवून देतात. मुलाला बापापासून मिळालेलं स्वातंत्र्य, ज्वाळा, सगळं कसं छान. मग तो ऐटीत तुरुंगात जाऊन सांगतो, जाळला तुमचा स्टॉल. आणि बापाकडून कळतं की स्टॉलच्या भिंतींच्या आत अडीच लाख डॉलर रोख लपवलेले होते.

यात गंमत अशी की लेखकांनी काहीच लपवलेलं नाही. बापाने पहिल्याच भेटीत शब्दशः खरं सांगितलं होतं. मायकेलसारखंच आपणही ते म्हण म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. हसू येतं ते शेवटच्या वाक्याला, पण त्याची पेरणी झाली आपण अर्धवट ऐकत होतो तेव्हा. जो त्या वेळी खरोखरच अर्धवट ऐकत होता, फोन बघत होता, पाणी प्यायला उठला होता, त्याच्यापर्यंत फक्त एक चिडलेला म्हातारा पोहोचतो.

आणि पार्श्वभूमीला रेकॉर्ड केलेलं हसू नाही. इथे हसा, असं सांगणारं कोणी नाही. हातात धरून फिरवलेला कॅमेरा, माहितीपटाची चाल, आणि निवेदक रॉन हॉवर्ड कोरड्या आवाजात एखादं पात्र वाक्य संपवतंय न संपवतंय तोच ते खोटं असल्याचं सांगून पुढे सरकतो. दर भागाच्या शेवटी ‘पुढच्या भागात’ म्हणून जे तुकडे दाखवतात ते पुढच्या भागात येतच नाहीत, तोही विनोदच. आठवड्याला एक भाग, चुकला तर चुकला, अशा दिवसांत हे सगळं चालू होतं. एक रविवार हुकलेला माणूस पुढच्या रविवारी निम्म्या विनोदांना मुकायचा, आणि आपण मुकलो हे त्याला कळायचंही नाही. त्याचं मत एवढंच व्हायचं: ठीक आहे, विशेष काही नाही.

असं आधीही घडलं होतं. १९८२ मध्ये एबीसी वाहिनीवर लेस्ली नील्सनची ‘पोलीस स्क्वॉड!’ नावाची मालिका आली. पोलिसी मालिकांची टर उडवणारी, पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात विनोद पेरलेली. सहा भागांत गाशा गुंडाळला. वाहिनीच्या प्रमुखांनी दिलेलं कारण अजून सांगितलं जातं: ही मालिका कळायला प्रेक्षकाला ती बघावी लागते. लोक यावर हसतात, पण त्या माणसाचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. टीव्ही तेव्हाही बहुतेक घरांत ऐकला जायचा, इतर कामं करता करता. त्याच मंडळींनी त्याच पात्राला घेऊन १९८८ मध्ये ‘द नेकेड गन’ हा चित्रपट काढला आणि तो धो धो चालला. विनोदाची जात तीच, नटही तोच. फरक एवढाच की थिएटरात अंधार होता आणि लोकांना दुसरं काही करायला नव्हतं.

तेव्हा पहिला प्रश्न ‘हिला हे आवडेल का’ असा विचारू नका. ‘हा माणूस बघताना बघतो का’ असा विचारा. आणि या परीक्षेत तुमच्या घरात कोण पहिला येतो ते तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. मेहुणा! जो माणूस शेवटाच्या आत खुनी ओळखतो तो काय करत असतो? टेबलावरची किल्ली लक्षात ठेवतो, कोण कुठे उभं होतं ते लक्षात ठेवतो, सहज म्हणून टाकलेलं वाक्य बाजूला काढून ठेवतो. ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ला नेमका हाच प्रेक्षक हवा. तुम्ही त्याला ती विनोदी मालिका म्हणून वाढलीत, म्हणून तो हसायची वाट बघत बसला आणि कंटाळला.

(हे उत्तर तो वाचणार असेल तर पुढचा परिच्छेद झाकून द्या.)

दुसऱ्या सीझनमध्ये सील हा समुद्री प्राणी धाकट्या भावाचा, बस्टरचा, हात तोडतो. टोनी हेलने ते जे काही केलंय त्याला तोड नाही. पण तो प्रसंग येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची चाहूल पेरलेली आहे. हाताच्या आकाराची एक खुर्ची असते, बऱ्याच दिवसांनी ती भेटल्यावर बस्टर म्हणतो की हात इतका आठवेल असं वाटलं नव्हतं. सैन्यभरतीच्या जाहिरातीच्या बाकावर तो अशा जागी बसतो की मागची काही अक्षरं झाकली जातात आणि उरलेल्या अक्षरांत ‘हात गेला’ असं वाचता येतं. सील तरी आला कुठून? थोरला भाऊ गोब, म्हणजे विल आर्नेट, त्याने जादूच्या प्रयोगासाठी आणून मग समुद्रात सोडून दिलेला. खुनाच्या मालिकेत याला धागेदोरे म्हणतात. इथे त्यांच्या शेवटी खुनी नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून मेहुण्याला विनोदाचं नावही काढू नका. त्याला सांगा, ‘यात दुसऱ्या सीझनला एकाचं फार मोठं नुकसान होतं, आणि ते होणार हे आधीपासून पडद्यावर दिसत असतं. मला पहिल्यांदा एकही खूण कळली नव्हती. तू बघ.’ बस. तो तुम्हाला हरवायला म्हणून बघेल. हरवू द्या.

सुरुवात पहिल्या भागापासून करू नका. हे ऐकून कट्टर चाहते माझ्यावर धावून येतील, पण पहिला भाग दाटीवाटीचा आहे. बावीस मिनिटांत नऊ जणांचं कुटुंब, बोटीवरची मेजवानी, बापाची अटक, कोण कोणाचा कोण. ज्याला मालिका आधीच आवडते त्याला तो दुसऱ्यांदा बघताना फार गोड वाटतो, आणि तुम्ही नेमके तसेच बघत होता. केळ्याच्या स्टॉलवाला दुसरा भाग लावा. पात्रं कोण हे समजावून सांगायची गरज नाही, कारण शीर्षकाच्या वेळी निवेदक दर भागात तेच सांगतो: सगळं गमावलेलं एक श्रीमंत कुटुंब आणि सगळ्यांना धरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसलेला एक मुलगा. पहिला भाग नंतर कधीही बघता येतो.

बघताना तुम्ही काय करायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. मला खात्री आहे तुम्ही बघत होतात. विनोद यायच्या दोन सेकंद आधी तुमची मान वळत असणार आणि ओठ आधीच ताणलेले असणार. समोरच्याला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं आणि त्याचं हसू जागच्या जागी गारठतं. ‘आता बघ हां’ म्हणायचं नाही. थांबवून समजवायचं नाही. त्याचा एखादा विनोद हुकला तर हुकू द्या, ही मालिका त्याची सोय करून ठेवते. मायकेलच्या बहिणीचा नवरा टोबियास अंगभर निळा रंग फासून घेतो, आणि नंतरच्या भागांत घराच्या भिंतींवर निळे डाग राहिलेले दिसतात. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. असे डाग ज्याचे त्याला दिसले तरच मजा, तुम्ही बोट दाखवलंत तर ते नुसते डाग.

फोनचं म्हणाल तर तुमचा स्वतःचा दुसऱ्या खोलीत ठेवून या. त्याला ठेव म्हणू नका.

सबटायटलबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते लावले होते का, हे मला विचारावंसं वाटतं. या मालिकेत लोक भराभर बोलतात, एकमेकांच्या वाक्यात वाक्य घुसवतात, त्यामुळे अमेरिकन उच्चारांची सवय नसलेल्या माणसाला इंग्रजी सबटायटलशिवाय निम्मं निसटतं. दुसरीकडे, पडद्यावर वाक्य आधी उमटतं आणि नट ते मागून बोलतो, त्यामुळे मधला थांबा वाया जातो. बेटमनचा सगळा अभिनय त्या थांब्यांत आहे. दोन्हींत पहिल्या खेपेला सबटायटल लावलेले बरे. थांबे दुसऱ्या खेपेला सापडतात, आणि ही मालिका आवडली तर दुसरी खेप होतेच.

आता बायको. तिने तुमची मालिका नाकारली असं तुम्ही धरून बसलात. मला वाटतं तुमच्या तिन्ही प्रेक्षकांत नीट बघणारी ती एकटीच होती. ‘सगळी माणसं नुसती स्वार्थी आहेत’ हे एका वाक्यातलं अचूक परीक्षण आहे. ती आहेतच. बापाने कंपनी बुडवली, आईला मुलांपेक्षा मद्य प्रिय, बहिणीला समाजसेवेचे झटके येतात तेही लोकांनी बघावं म्हणून. मायकेल स्वतःला एकटा शहाणा समजतो, आणि मालिका हळूहळू दाखवून देते की तोही त्यांच्यातलाच आहे. तुम्हाला त्यात मजा वाटते, तिला वाईट माणसांबरोबर संध्याकाळ घालवावीशी वाटत नाही. हा आवडीचा फरक आहे, समजुतीचा नाही. त्यावर युक्तिवाद करून काही हाती लागणार नाही. तिला पुन्हा विचारूही नका. कधी आपणहून येऊन बसली तर बसली, आणि तसं झालंच तर ते आईमुळे होईल असा माझा अंदाज आहे. जेसिका वॉल्टर यांनी उभी केलेली ल्युसिल हे माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यांत थोर काम आहे. एका केळ्याची किंमत किती असणार, दहा डॉलर? असं ती खरोखर विचारते, आणि त्या चेहऱ्यावर एवढासाही विनोद नसतो. आयुष्यात एकदाही दुकानात न गेलेल्या बाईचा तो निरागसपणा आहे. वॉल्टर २०२१ मध्ये गेल्या.

बायकोसोबत मिळून काही बघायचंच असेल तर समीक्षकांना आवडलेल्या आणि फारशा न बघितलेल्या मालिकांचं दुसरं टोक आहे, ते तिच्यापुढे ठेवून बघा. ‘डिटेक्टोरिस्ट्स’. बीबीसी फोर या छोट्या वाहिनीवर २०१४ ते २०१७ मध्ये आली, तीन सीझन, प्रत्येकी सहा भाग. मॅकेन्झी क्रूकने ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि टोबी जोन्सबरोबर त्यात कामही केलं. इंग्लंडच्या खेड्यातले दोन मित्र कानाला हेडफोन लावून, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालतात. सोन्याची आशा असते आणि निघतात पेयांच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या आणि गंजलेली बटणं. निघालेली वस्तू हातात घेऊन दोघं तिच्याकडे ज्या गांभीर्याने बघतात त्यातच सगळं आलं. कोणी कोणाचा गळा कापत नाही. भांडणं होतात तीही कोणत्या शेतात कोणी खणायचं यावरून. आणि त्यातली बायको नवऱ्याच्या खुळावर रागावते, तेव्हा तिची बाजू मालिका पुसून टाकत नाही, हे तुमच्या घरात उपयोगी पडेल.

फक्त एक करा. या मालिकेलाही मोठा पुरस्कार मिळालेला आहे. कोणता, ते तिला सांगू नका.

आणि तिने तुम्हाला काय काय बघायला सांगितलं होतं आणि तुम्ही ‘बघू नंतर’ म्हणालात, तेही आठवून बघा. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. शिफारशीची उधारी दोन्ही बाजूंनी चुकती करावी लागते.

तुमच्या सहीबद्दलही बोलायला हवं. ‘एकटाच हसणारा’ हे नाव तुम्ही स्वतः निवडलंय. त्यात तक्रार आहे तसा थोडा तोराही आहे, हो ना? उद्या मेहुण्याला ही मालिका तुमच्याइतकी आवडली, तुम्हाला न दिसलेल्या खुणा तो जेवताना सांगायला लागला, तर तुम्हाला आनंद होईल की किंचित टोचेल? टोचणार असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कमी लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर थोडी मालकी वाटतेच. पण मग लोक बघत नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडायचा हक्क तेवढा राहत नाही.

मेहुणा तिसऱ्या सीझनच्या शेवटी पोहोचला की विचारेल, पुढे काय. पहिल्या तीन सीझनचे मिळून ५३ भाग, साधारण वीस तासांचा ऐवज, आणि माझ्या लेखी मालिका तिथे संपते. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने चौथा सीझन आणला, १५ भाग एकदम. तोवर नट मंडळी इतकी मोठी आणि व्यग्र झाली होती की सगळ्यांच्या तारखा जुळेनात. म्हणून एका भागात एकच पात्र धरून तेच दिवस वेगवेगळ्या बाजूंनी दाखवले. डोकं चालवलंय भरपूर, पण एका खोलीत कोंडलेलं कुटुंब ही जी मूळ गंमत होती, तीच त्यातून निघून गेली. हर्विट्झ यांनी २०१८ मध्ये त्याच चित्रीकरणाची काळाच्या क्रमाने पुन्हा जुळणी करून २२ भाग केले. तुमच्यासारख्याला ते दोन्ही बघावेसे वाटतील. मेहुण्याला मात्र मूळ १५ भागांची मांडणी द्या, कारण तुकडे जुळवायचं काम त्याला आवडतं. पाचव्या सीझनची घाई कोणालाच नको.

राहिला ऑफिसचा ग्रुप. तिथे नवीन मेसेज टाकायचा असेल तर ब्लूथ कुटुंबाच्या कोंबडीच्या नकलेचा तुकडा शोधा. या घरात कोणाला भित्रा म्हणून डिवचायचं झालं की कोंबडीची नक्कल करतात, आणि प्रत्येकाची नक्कल वेगळी. एक टाळ्या वाजवत नाचतो, एक डोक्यावर हाताचा तुरा करते, आणि एकाच्याही तोंडून कोंबडीसारखा आवाज निघत नाही. मायकेललाही शेवटी प्रश्न पडतो की या घरातल्या कोणी कधी कोंबडी बघितली तरी आहे का. हे कळायला ना भाषा लागते, ना मागचा संदर्भ. तुकडा टाका आणि खाली काहीही लिहू नका, मालिकेचं नावसुद्धा नको. ज्याला हवं असेल तो विचारेल. एकाने विचारलं तर त्याला वेगळं उत्तर द्या, ग्रुपवर नको.